डेस्मंडच्या गाडीचा रिव्हर्सचा दिवा

"सगळं छान आहे," तपासनीस बाई गाडीभोवती तिसरी फेरी मारत म्हणाल्या, "पण रिव्हर्सचा दिवा कुठाय?"

डेस्मंड हिगिन्सनने गाडीच्या मागे जाऊन पाहिलं. जणू तो दिवा सकाळी होता आणि वाटेत कुठेतरी उतरून गेला.

"बाई, ही गाडी मी पुढे जायला बांधलीय," तो म्हणाला.

बाईंनी कागदावर फुली मारली. "दिवा बसवा आणि पुढच्या मंगळवारी परत आणा. तोवर रस्त्यावर नाही."

शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून डेस्मंडने श्रॉपशर परगण्यातल्या आपल्या घरामागच्या शेडमध्ये ही गाडी जुळवली होती. एका मोडीत निघालेल्या जुन्या गाडीचं इंजिन, कंपनीकडून खोक्यातून आलेला सांगाडा, आणि वरून हिरवा रंग. दोन माणसांपुरती, बिनछपराची, ठेंगणी गाडी. गावात त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या गावजत्रेची मिरवणूक या गाडीमागून निघेल. पाववाल्याला सांगितलं होतं, पाद्र्यांना सांगितलं होतं, पबमध्ये तर रोजच सांगितलं होतं. आणि आता एका दिव्यासाठी सगळं अडलं होतं.

दिवा विकत मिळाला. तो मागे दोन स्क्रूंनी बसलाही. राहिली वायर. गिअर मागचा पडला की गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच आपोआप चालू होतो, तिथून निघालेली वायर दिव्याला जोडायची, की झालं काम. डेस्मंडने गाडीखाली सरपटत जाऊन टॉर्च मारला. स्विचमधून वायर निघाली होती, थोडी पुढे आली होती आणि इतर वायरींच्या जुडग्यात घुसली होती. जुडग्यातल्या सगळ्याच्या सगळ्या वायरी काळ्या होत्या.

हे काम आयव्हरचं. आयव्हर म्हणजे डेस्मंडच्या बायकोचा, ग्लेनिसचा, भाऊ. जन्मभर जत्रेतल्या पाळण्यांचे आणि लाकडी घोड्यांचे दिवे सांभाळलेला माणूस. जत्रेची कंपनी बंद पडली तेव्हा काळ्या वायरीचं अख्खं रीळ तो घरी घेऊन आला होता, आणि गाडीचं सगळं वायरिंग त्याने त्यातूनच केलं होतं. "रंग कशाला हवेत? सगळं डोक्यात आहे," असं तो म्हणायचा. आता ते डोकं दोन गल्ल्या पलीकडे राहत होतं आणि डेस्मंडशी बोलत नव्हतं.

बोलणं बंद होण्याचं कारण आयव्हरने घरी केलेली एल्डरबेरी या रानफळाची वाइन. ख्रिसमसच्या जेवणात डेस्मंड सगळ्यांसमोर म्हणाला होता की ही कार्ब्युरेटर धुवायला बरी. एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्याने खरंच त्या वाइनने कार्ब्युरेटर धुतला, आणि तो असा लखलखीत निघाला की डेस्मंडने पबमध्ये नेऊन दाखवला.

"आयव्हरला विचार ना," ग्लेनिस म्हणाली.

"त्याला? मेलो तरी नाही. भूगोलाचा मास्तर आहे मी. नद्यांचे उगम शोधलेत, एक वायर नाही सापडणार?"

त्याने चाकांखाली ठोकळे लावले, ग्लेनिसला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः खाली शिरला. "मी वायर जोडतो. तू रिव्हर्स टाक आणि काय होतं ते सांग."

ग्लेनिसने रिव्हर्स टाकला. "वायपर हलतायत."

"काढ! आता?"

"डावा इंडिकेटर. डेस, किती गोड लुकलुकतोय!"

"गोड नकोय मला! आता?"

"आता काहीच नाही. थांब, पायाला गरम लागतंय. हीटर चालू झाला वाटतं."

डेस्मंड म्हणाला, "या गाडीत हीटर नाहीये." मग दोघंही घाईघाईने बाहेर आली आणि डेस्मंडने बॅटरीची वायर उपटली.

चहा करते म्हणून ग्लेनिस स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं आणि भावाला फोन लावला. आयव्हर आधी फुरंगटला. मग बहिणीने, घरात आग लागली तर रविवारी जेवायला कुणाकडे जाशील, असं विचारल्यावर नरम आला. "वायरींना गाठी मारल्यात मी. रिव्हर्सच्या वायरीला डाव्या सीटखाली दोन गाठी आहेत. पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

ग्लेनिस चहा घेऊन आली. "डेस, मला आपलं वाटलं, डाव्या सीटखाली बघावं. गाठी-बिठी असतील एखाद्या वायरीला."

"गाठी? वायरिंग आहे ते, लोकरीचा स्वेटर नव्हे," डेस्मंड म्हणाला. पण पाहिलं त्याने. गाठी होत्या. तो बायकोकडे बघतच राहिला. "तुला कसं कळलं?"

"बायकांना कळतं."

"बघ! तुला जे आतून उमगतं ना, ते त्या आयव्हरला जन्मभर वायरी ओढून उमगलं नाही. आता हिचं दुसरं टोक कुठे निघतं, सांग बरं?"

ग्लेनिसला दर वेळी स्वयंपाकघरात धावायचा कंटाळा आला होता. म्हणून तिने फोन चालूच ठेवून एप्रनच्या खिशात टाकला होता. ती खोकल्याचं निमित्त करून वळली आणि खिशात कुजबुजली. पण खिशातल्या आयव्हरला तिचंच नव्हे, सगळंच ऐकू येत होतं. आणि डेस्मंड आता रंगात आला होता.

"वायरिंग म्हणे! शेवयांचं भांडं उपडं केल्यासारखं करून ठेवलंय. त्याच्या त्या पाळण्यावर पोरं ओरडायची ना, ती मजेने नव्हे, शॉक बसून ओरडायची! आणि ती वाइन. ग्लेनिस, खरं सांगतो, त्या वाइनने गंजसुद्धा पळून गेला."

खिशाने हे सगळं ऐकून घेतलं. मग बारीक आवाजात म्हणाला, "तीन गाठींची घे. स्टिअरिंगखालची."

"तीन गाठींची," ग्लेनिस म्हणाली. "स्टिअरिंगखाली. असं मला वाटतं."

डेस्मंडने बायकोच्या अंतःप्रेरणेवर पूर्ण विश्वास ठेवून तीन गाठींची वायर जोडली, बॅटरी लावली आणि खालून ओरडला, "टाक रिव्हर्स!"

ग्लेनिसने रिव्हर्स टाकला आणि हॉर्न वाजला. हा हॉर्नही आयव्हरनेच बसवला होता, जत्रेतल्या भुताच्या बोगद्यातून काढलेला. शेडचे पत्रे थरथरले. शेजारच्या कोंबड्या कुंपण ओलांडून आल्या. पाद्री घराच्या फाटकाशी येऊन विचारू लागले की कुणी गेलं का. ग्लेनिसने घाबरून गिअर काढायचा तो आणखी घट्ट बसवला. डेस्मंडने उठायची घाई केली आणि त्याचं डोकं सायलेन्सरवर आपटलं.

शेवटी त्याने पडल्या पडल्या वायर ओढून तोडली. एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत कुणीतरी हसत होतं. घोगरं, गुदमरलेलं, मध्येच ठसका लागणारं हसू.

डेस्मंड सरपटत बाहेर आला. कपाळावर टेंगूळ, मिशीला ग्रीस. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"ग्लेनिस," तो हळूच म्हणाला, "तुझा खिसा हसतोय."

ग्लेनिसने फोन काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. हसू ओसरलं. मग फोन म्हणाला, "कार्ब्युरेटर कसा आहे?"

डेस्मंडने नाक ओढलं. "चकचकीत आहे. खोटं कशाला बोलू."

"येऊ का?"

"मी बोलावलं नाहीये. पण येतोस तर तुझी पक्कड घेऊन ये. माझी बोथट झालीय."

आयव्हर पक्कड घेऊन आला आणि त्याच्या डोक्यातलं सगळं घरीच विसरून आला. दोन गाठी म्हणजे रिव्हर्स की पेट्रोलचा काटा, यावर ते दोघे गाडीखाली पालथे पडून सोमवारपर्यंत भांडले. फक्त दोन जोडी बूट दिसायचे आणि आतून "अरे शहाण्या" आणि "तू शहाणा" ऐकू यायचं. ग्लेनिस बुटांपाशी चहा ठेवायची, सांगितलं की सीटवर बसून रिव्हर्स टाकायची आणि रिकामे कप उचलायची. सोमवारी संध्याकाळी आतून असा जल्लोष झाला की कोंबड्या पुन्हा उडाल्या. दिवा लागला होता.

मंगळवारी तपासनीस बाईंनी रिव्हर्स टाकायला लावला, उभ्या गाडीचा दिवा पाहिला आणि सही केली. डेस्मंडने त्यांचा हात इतका वेळ हलवला की शेवटी आयव्हरला तो सोडवावा लागला.

परतताना हिरव्या गाडीत डेस्मंड आणि आयव्हर बसले. मागे आपल्या छोट्या लाल गाडीत ग्लेनिस. गावाच्या अलीकडे रस्ता इतका अरुंद होतो की दोन्ही बाजूंची झुडपं गाडीच्या आरशांना पुसून काढतात. तिथे समोरून ट्रॅक्टर आला.

"मागे घे," आयव्हर म्हणाला.

"घेतो की. आता दिवा आहे आपल्याला," डेस्मंड ऐटीत म्हणाला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही की ही गाडी त्याने आजवर एकदाही मागे चालवलेली नाही. शेडमधून ती नेहमी ढकलूनच निघायची. त्याने रिव्हर्स टाकला.

मागच्या गाडीतून ग्लेनिसने पाहिलं. इतके दिवस ती स्टिअरिंगमागे बसून गिअर टाकत होती, दिवा मागे. तिच्या डोळ्यांना तो आज पहिल्यांदा दिसत होता. पांढरा, स्वच्छ, एखाद्या टपोऱ्या मोत्यासारखा. तिचं मन भरून आलं. हॉर्न वाजवायचं सोडून तिने टाळ्या वाजवल्या. दिवा मोठा होत गेला, आणखी मोठा होत गेला, आणि मग कडकन आवाज झाला.

सगळे खाली उतरले. दिवा शाबूत होता. ग्लेनिसच्या गाडीचं नाक मात्र आत गेलं होतं, आणि एक इंडिकेटर आपला आपणच टकटक करत राहिला होता.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. "मीच मागे गेलो असतो की. माझ्या पाठीशी फाटकच आहे," असं म्हणून तो ट्रॅक्टर एका दमात शेतात घालून मोकळा झाला.

पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डेस्मंड आणि आयव्हर लाल गाडीचं चेपलेलं बॉनेट उघडून आत डोकावत होते. दोघांचे चेहरे उजळले होते.

"वायर कुठेतरी चिकटलीय," आयव्हर म्हणाला.

"शोधायला हवी," डेस्मंड म्हणाला. "अरे, या गाडीच्या वायरींना रंग आहेत बघ!"

"छे, रंगांनी सगळा घोळ होतो. तू खाली शीर."

ग्लेनिस जरा वेळ उभी राहिली. मग रुमालाने केस बांधले, हिरव्या गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. पहिला गिअर लोण्यासारखा पडला. मोकळ्या रस्त्यावर वळण घेताना तिने मागे वळून पाहिलं. लाल गाडीखालून दोन जोडी बूट बाहेर आले होते आणि आतून जोरात भांडण चाललं होतं.

तिने दुसरा गिअर टाकला.