मावशी पास्ड

मी जोतीराम वडणगेकर, खाजगी गुप्तहेर. कोल्हापुरात माझ्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही. दोन म्हशी सुटल्या, पण त्या माझ्याकडे केस येण्याआधीच सुटलेल्या होत्या. इंग्रजी मला उलटंपालटं येतं.

शमशाद माझी सहायक. ऑफिस तिच्या शिलाईच्या दुकानात असल्यामुळे ती मला काढू शकते, मी तिला नाही.

मंगळवारी दुपारी गुंडूअण्णा मोबाइल घेऊन आले. चेहरा उतरलेला.

“पावणं, बायको भांडून जयसिंगपूरला भाचीकडं गेलीया, दोन म्हैनं झालं. भाचीचा इंग्रजीत मेसेज आलाय. बायको फोन उचलंना. वाचा की.”

‘मावशी पास्ड.’ मी चष्मा काढला.

“मन घट्ट करा. पास्ड म्हणजे गेल्या.”

“कुठं?”

“वर.”

अण्णा मटकन बसले. “तुला न्हाय जमायचं, म्हनालोतो तिला. तेच शेवटचं बोलनं झालं की ओ!”

मला दया आली. म्हणून दुसरा अर्थ काढला. पास होणे म्हणजे जवळून पुढे जाणे. बाई बसमधून मिरजेकडे गेल्या असतील. तिसरा अर्थ, ठराव पास होणे. माहेरी अण्णांविरुद्ध झाला असावा. चौथा, चेंडू पास करणे, म्हणजे अपहरण.

“आन् पास म्हंजे नुसतं पास, तसं न्हाय?”

“तो शाळकरी अर्थ.”

“भाचीला फोन लावू?”

“नको. संशयित सावध होईल.”

शमशादनं मशीन थांबवलं. “अण्णा, भांडान कशावरनं झालं?”

“स्कूटर शिकायची म्हनत हुती. साठीत कशाला, म्हटलं.”

शमशादनं त्यांच्याच मोबाइलवरून भाचीला फोन लावला. अर्ध्या मिनिटात ठेवला.

“लायसनच्या टेस्टमदी पास झाल्यात वहिनी. गाडी चालवत इकडंच निघाल्यात, मग फोन कसा उचलतील? पेट्रोलला थांबल्यावर त्या भाचीला फोन करणार हायत. तिला दुकानाचा पत्ता दिलाय.”

तासाभरानं धोंडुबाई दारात उतरल्या. हेल्मेट काढलं. अण्णा पोरासारखे रडायला लागले.

“काय झालं ओ तुमास्नी?”

“तू मेलीस म्हनाला ह्यो!”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीत ‘महिला जिवंत सापडली’ अशी नोंद करत होतो.

“बसा मागं. गच्च धरा.”

अण्णांनी भर रस्त्यात बायकोच्या कमरेला मिठी मारली. गाडी कोपऱ्यावरून वळली, दिसेनाशी झाली, तरी त्यांचा आवाज येत होता, “सावकाश की गं, धोंडे! जमतंय तुला, जमतंय!”