सोळा गोळ्या आणि दुर्गाबाईंचं दही

"गोळी तोंडात गेली म्हणजे पोटात गेली असं नसतं, अनुपमाबाई. जीभ वर करायला लावून बघत जा," असं डॉक्टर बापूसाहेबांनी मला बजावलं होतं. मी हसले. मी इंटर सायन्स! अमरावतीच्या कॉलेजात बेडूक चिरलेली! सहा वर्षांच्या पोरीच्या जिभेखाली काय असतं, ते मला शिकवता?

आमच्या शालूचा घसा सुजला होता. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून सांगितलं, हा घसा नीट बरा केला नाही तर पुढे सांधे धरतो, हृदयालाही इजा करतो. हृदय हा शब्द ऐकल्यापासून मी दिवसातून वीसदा शालूच्या छातीला कान लावी. तिला वाटे, आईचा नवा खेळ.

आमच्या वकीलसाहेबांनी सल्फाच्या गोळ्यांची शिफारस आणली होती, कुठल्याशा अशिलाकडून. ती डॉक्टरांनी मोडीत काढली. त्या गोळ्यांनी ताप उतरेलही, पण घशातले जंतू मागे राहतील म्हणे. उरलं पेनिसिलीन. रोज सुई, नाहीतर दहा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळी.

"औषध तेच," डॉक्टर म्हणाले, "पण सुई चुकत नाही. गोळीला घरचं माणूस जागं लागतं."

मी गोळ्या घेतल्या. जागं राहण्यात माझा हात धरणारं अख्ख्या अकोल्यात कुणी नव्हतं!

घरी वहीत तक्ता आखला. गोळी तोंडात गेली की बरोबरची खूण. खूण करायला मी वळले की शालू शेजारी दुर्गाबाईंकडे पळे. दुर्गाबाई मूळच्या तेल्हाऱ्याच्या. मुलं गावी शेतीवर, इथे त्या आणि त्यांची म्हैस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी आईला चार पानी पत्र लिहिलं : सुईपेक्षा गोळी श्रेष्ठ, सप्रमाण सिद्ध.

त्याच आठवड्यात दुर्गाबाईंचं दही लागेनासं झालं. विरजण माझ्याकडचं.

"काहून वं वकीलीणबाई," त्यांनी कुंपणावरून विचारलं, "तुह्यं विरजण पेन्शनीत गेलं काय?"

मी दुसरं दिलं. सकाळी गाडग्यात दूध तसंच, कालच्यासारखं पातळ. त्यांनी गाडगं बदललं, म्हशीची दृष्ट काढली, तिच्या खाण्यातली सरकीची ढेप बदलली. शेवटी संशय माझ्या वहीवर आला. सारखं लिहून लिहून मी नजर लावते म्हणे. माझ्याशी बोलणं बंद. शालूला मात्र दार उघडं.

नवव्या दिवशी शालूला पुन्हा ताप. एकशेदोन! तिला उचलायला मी वाकले, तर दुर्गाबाईंनी आधीच खांद्यावर घेतली होती. राग माझ्यावर होता, पोरीवर नव्हता.

दवाखान्यात मी वही आपटली. सोळा खुणा आहेत, गोळ्या बनावट आहेत, कंपनीला पत्र घालते, वगैरे वगैरे.

"हिच्या घरचं काहीच लागू होत नाई," दुर्गाबाई पुटपुटल्या. "आठ दिवस झाले, माह्यं दही लागून नाई राह्यलं."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. किती दिवस, ते पुन्हा विचारलं. मग शांतपणे सांगितलं की दही लावतात तेही जंतूच, आणि पेनिसिलीन त्यांनाही सोडत नाही. आम्ही तिघांनी शालूकडे पाहिलं.

तिने दुर्गाबाईंच्या खांद्यात तोंड लपवलं. "आजीचा गळा दुखते ना," ती म्हणाली. "आजी म्हणे, मले कोन देते औषध."

सोळाच्या सोळा गोळ्या जिभेखालून आजीच्या दुधात!

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी नळी शालूच्या छातीला लावली आणि बराच वेळ तिथेच ठेवली.

"ठोके साफ आहेत," ते म्हणाले. "पण आता सुई."

सुई शालूला, रडल्या दुर्गाबाई. मग डॉक्टरांनी त्यांनाही आ करायला लावलं. घसा लालभडक. शेजारी राहून आठ दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं. वहीत तसा रकानाच नव्हता.

याला वर्ष होईल. शालू ठणठणीत आहे. तिला घेऊन मी सध्या अमरावतीला माहेरी आले आहे. काल यांचं पत्र आलं. दुर्गाबाईंचा घसा पुन्हा धरलाय, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्यात. यांच्यावर माझा भरवसा नाही. यांना दह्यातलं फक्त खाणं कळतं. म्हणून अकोल्यात कुणी हे वाचत असेल, तर कृपा करून त्यांच्याकडे डोकावून या. जीभ वर करायला सांगा. ऐकणार नाहीत. मग गाडग्यावरचं झाकण काढून बघा.

दही लागलं नसेल, तर मला लगेच पत्र टाका.