अकरा अक्षरांचे अण्णा

निवृत्तीअण्णा माणसाला राम राम करत नाहीत. ते थेट विचारतात, "तुमच्या बँकेचा आयएफएससी कोड काय?"

आमच्या देवळाली प्रवरात हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे अण्णा समोरून येताना दिसले की लोक गल्ली बदलतात. सापडतो तो परगावचा पाहुणा. तो बिचारा मोबाईल काढतो, चष्मा पुसतो आणि ती अकरा अक्षरं वाचायला लागतो. चार इंग्रजी अक्षरं झाली आणि पुढचं तो 'ओ' म्हणाला, की अण्णांचा हात वर जातो.

"थांबा. त्यो ओ न्हाई, शून्य हाय. पाचवा कायम शून्य असतोय. भारतात कुटंबी जा."

"दिसायला एकच की हो."

"दूध आन् चुन्याचं पानी बी दिसायला येकच असतंय. पिऊन बघा."

पाहुणा पुन्हा गावात येतो, पण अण्णांच्या दारावरून येत नाही.

अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. अख्खा जन्म उसाच्या गाड्यांची वजनं लिहिण्यात गेला. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला भिंती उरल्या. मग त्यांनी बँक धरली. सकाळी बँक उघडली की तिथल्या स्लिपा भरायच्या टेबलाशी, दोरीला बांधलेल्या पेनाशेजारी अण्णा हजर. कुणाचाही फॉर्म खस्सकन ओढायचा, बोट ठेवून कोड वाचायचा, आणि चुकला असेल तर त्या माणसाला सगळ्यांदेखत झापायचं. "कोड म्हंजी पैशाचा पत्ता. पत्ता चुकला की पैसा बेवारशी. लेकीला सासरी धाडता तवा गाव इचारत न्हाई का?"

लोकांनी त्यांना 'अकरा' असं नाव ठेवलं. "अकरा आलेत, फॉर्म लपवा." अण्णांना ते ऐकू जायचं. गावाची तशी अपेक्षाच असायची.

मध्यंतरी बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं, कोड बदलले. त्याची नोटीस शाखेत लावली होती, पण पाण्याच्या कूलरच्या मागे. अण्णांनी भर गर्दीत जमिनीवर बसून, मान वाकडी करून ती मोठ्यानं वाचली. मॅनेजर धावत बाहेर आले. "अण्णा, नोटीस लावलीय ना आम्ही?"

"लावलीया की. आमी उंदीर असतो तर येळंत वाचली बी असती."

दुसऱ्या दिवसापासून शिपायानं अण्णांना टेबलाशी बसू दिलं नाही. ते बाहेर पायरीवर बसायला लागले. उन्हात.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्याच चुकीमुळे. मी इथल्या शाळेत क्लार्क आहे. सातवीच्या मुलींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना मी इंटरनेटवर 'देवळाली' टाकलं, पहिला दिसला तो कोड उचलला आणि सगळ्या वर्गाला लावला. अण्णा कुणा मुलीच्या आजोबांबरोबर शाळेत आले होते. त्यांनी माझ्या टेबलावरचा वरचा कागद उचलला, एकदा पाहिला, आणि तिथेच खुर्चीवर बसले.

"भाऊसाहेब, ही देवळाली नाशिकची हाय. आपली प्रवरा. तुमी आख्खा वर्ग नाशकाला घालवला."

मला राग आला. चूक दाखवणाऱ्याचा येतो तसा. पण पुढचे चार दिवस हा माणूस वस्त्यावस्त्यांवर सायकल मारत फिरला. प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन नवं पासबुक उघडून पाहिलं, कोड चिठ्ठीवर उतरवून आणला. एका घरी कुत्रं चावलं. पोटरीला फडकं बांधून ते शाळेत आले आणि म्हणाले, "कुत्र्याच्या मालकाचा कोड बराबर हुता."

फॉर्म मंजूर झाले. शाळेनं अहवालात माझं कौतुक केलं. माझ्याकडून अण्णांचं नाव घ्यायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी घेतलं नाही.

तरी अण्णांबद्दल माझं मत काही चांगलं नव्हतं. कारण गावात त्यांची एक गोष्ट सांगतात, आणि ती मीही इतरांना सांगितली होती. अण्णांचा धाकटा भाऊ बापू नगरला राहायचा. तो अचानक आजारी पडला, दवाखान्यात ठेवला. ऑपरेशनआधी पैसे भरा म्हणाले. बापूच्या बायकोनं, शालननं, अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, "पाठवले." पैसे काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः उगवले, तर पिशवीत नोटांची पुडकी. तोवर बापूची तब्येत हाताबाहेर गेली होती. तो वाचला नाही. शालननं सगळ्या भावकीसमोर विचारलं, "पाठवले म्हणालात, मग हे पिशवीत कुठले?" अण्णा गप्प. हा गप्पपणाच पुरावा झाला. चिक्कू माणसाला शेवटपर्यंत पैसा सुटला नाही, भाऊ गेल्यावर अक्कल आली आणि आता लोकांचे कोड तपासत हिंडतो, असा गावाचा निकाल होता. माझाही.

परवा राहुरीला एका लग्नाला मी आणि अण्णा माझ्या मोटरसायकलवरून गेलो. मांडवात शालन होती. अण्णा जेवणाच्या रांगेत उभे राहिले तशी ती मागे वळून मोठ्यानं म्हणाली, "सरका, सरका, आमचे भाऊजी आलेत. पैसे कसे पाठवायचे ते गावाला शिकवतात म्हणं. घरच्यांचं सोडून!"

रांग हसली. मीही हसलो.

अण्णांनी टोपी सारखी केली. "पोरी बऱ्या हायेत का गं, शालन?" त्यांनी विचारलं. तिनं पाठ फिरवली. अण्णा रांगेतून बाहेर पडले ते थेट माझ्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

परतताना वाटेत रसवंतीवर थांबलो. माझं हसणं मला टोचत होतं, आणि टोचणी लागली की माणूस समोरच्यावरच उखडतो. मी म्हणालो, "अण्णा, एकदाचं खरं सांगून टाका. पाठवले होते का नव्हते?"

"पाठवले हुते. बँक उघडल्या उघडल्या."

"मग?"

"परत आले दुसऱ्या दिशी. ज्या कोडवर पाठवले त्यो कोडच बंद झाल्याला. बापूची बँक दुसऱ्या बँकेत गेल्ती. परत आले तेच पैसे काढले, पिशवीत घातले आन् यष्टी धरली."

मी ग्लास ठेवला. "याचा कागद असेल ना तुमच्याकडे?"

"हाय. पेटीत हाय."

"मग बसा गाडीवर. आत्ता मागं वळवतो. मांडवात सगळ्यांसमोर मी सांगतो तिला."

अण्णांनी गाडीच्या हँडलवर हात ठेवला. वजन फार नव्हतं त्या हातात, पण गाडी हलली नसती.

"भाऊसाहेब, कोड तिनंच सांगितला हुता. बापूच्या जुन्या पासबुकावरून. दवाखान्याच्या जिन्यात हुबी हुती. रडत हुती, पर येक येक अक्षर नीट वाचून दावलं तिनं. मी म्हनलं परत वाच, तर परत वाचलं."

रसवाल्याचं चाक घुंगरं वाजवत फिरत होतं.

"चूक माझीच," अण्णा म्हणाले. "मी इचारायला पायजे हुतं, पासबुक कवाचं हाय. डाक्टर म्हनले, पैसे येळंवर आले असते तरी त्याचं काई सांगता येत नव्हतं. पर हे तिला पटंल व्हय? माझ्या वाचन्यानं मालक गेला, आसंच धरून बसंल ती. दोन पोरी हायेत तिला."

"आणि तुम्ही आयुष्यभर खोटारडे म्हणून राहणार?"

"मला कोन हाय इचारायला? तिनं मला शिव्या घातल्या की तिचं डोकं हलकं हुतंय. माझ्यावर चिडायची थांबली, तर कुनावर चिडंल? सोतावरच की."

त्यांनी उरलेला रस संपवला, ग्लास उलटा करून ठेवला आणि मला बजावलं, "हे कुटं बोलायचं न्हाई." मी मान डोलावली. आता लिहितोय, पण शालनचं नाव, लग्नाचं गाव, सगळं फिरवून ठेवलंय. एवढं तरी मला जमावं.

मी गाडी चालू केली. कारखाना मागं पडल्यावर अण्णा माझ्या कानाशी वाकले.

"शालन आता जरा बरी दिसती, न्हाई? मागल्या खेपंला पार वाळली हुती."

मी हो म्हणालो. खरं तर मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.