मनातलं मुंडकं

"हात सैल सोड," असं दिग्विजय सर दर रविवारी ऑनलाइन क्लासमध्ये सांगत, आणि हितेश दर रविवारी खांदे झटकून, बोटं मोडून पुन्हा पहिल्यासारखंच ताठ मुंडकं घडवत असे. तसा दोष त्याचा नव्हता. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो व्हॉल्व्हची ड्रॉइंग काढायचा. तिथे रेघ केसभर सरकली तरी साहेबांचं बोलावणं यायचं. आता हौसेने तो कॉम्प्युटरवर पात्रं घडवायला शिकत होता. म्हणजे पडद्यावर मातीसारखा गोळा असतो, तो पेनाने दाबायचा, ओढायचा आणि त्यातून गेममधला राक्षस नाहीतर म्हातारी काढायची. हितेशच्या म्हातारीचे दोन्ही गाल मोजून कापल्यासारखे सारखे यायचे.

"अरे, ही बाई आहे की पाइपाचा जोड?" सर म्हणायचे. "डावीकडे केलं की उजवीकडे आपोआप होतं, ते बटण आधी बंद कर. समोर फोटो ठेवू नकोस. मोठा ब्रश घे आणि डोक्यात जे असेल ते येऊ दे. चूक झाली तर पुसायची नाही."

डोक्यात नेमकं काय आहे, हेच हितेशला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी त्याचा साखरपुडा होता. मुलगी दातिवऱ्याची, सलोनी. त्यामुळे डोक्यात मंडप, मानपान आणि जेवणावळ यांचा नुसता काला झाला होता. तरी क्लास संपल्यावर तो दांडी गावातल्या घरात ओटीवर टॅबलेट मांडीवर घेऊन बसला. अंगणात त्याची आई, जमना, वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत होती. हितेशने ते बटण बंद केलं आणि हात मोकळा सोडला.

जबडा एका बाजूला ओढला गेला. एक भुवई कपाळावर चढली. अंबाडा एका फटक्यात झाला. नाक जरा जास्तच वाढलं, पण त्याने ते पुसलं नाही. बघता बघता मुंडकं त्याच्याकडे असं पाहू लागलं, की वाटावं, ही बाई आता तोंड उघडणार आणि आपलं काही खरं नाही. बाई कोण, ते त्याला कळेना. पण ती जिवंत होती.

आनंदाच्या भरात त्याने फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आज मनातलं एकदाचं बाहेर आलं. आता काही लपवणार नाही."

क्लासच्या ग्रुपचं नाव होतं 'हात सैल'. फोटो गेला होता त्या ग्रुपचं नाव होतं 'हितेश-सलोनी साखरपुडा'. त्यात दोन्हीकडचे काका, मामा, माम्या, झाडून सगळे होते. हे हितेशच्या उशिरा लक्षात आलं. त्याने घाईघाईने फोटो आणि मजकूर दोन्ही उडवले, आणि ते दिसेनासे झाल्यावर भिंतीला पाठ टेकली.

तेवढ्यात जमना फोन घेऊन आत आली. "पुष्पलताचा असला फोटो कशाला टाकलास रे?"

"कुठे टाकला?"

"ग्रुपवर. हा बघ. मासळीचा भाव कुणी पाडून मागितला का अशीच बघते ती."

हितेशने स्वतःपुरतंच पुसलं होतं. बाकी सगळ्यांच्या फोनवर ती बाई भुवई चढवून बसलीच होती.

"आई, ती आत्या नाय. ती कोणीच नाय."

"कोणीच नाय तर अंबाडा कुणाचा?"

इतक्यात दोन घरं पलीकडे राहणारी पुष्पलता आत्याच दारात आली. हितेश उठून उभा राहिला. पण आत्या चक्क हसत होती.

"धाडसी निघालास," ती म्हणाली. "लग्नाआधीच सासूला काढलीस."

"सासूला?"

"अर्चनाच हाय ना ही? साड्यांची बोलणी चालली तवा अशीच बघत होती. पण मनातलं बाहेर आलं, असं लिवायचं नाय रे."

हितेशने फोटो पुन्हा पाहिला. आता ती अर्चनामावशी दिसत होती. मान वाकडी केली की आत्या दिसत होती. आपण कुणाला घडवलं, हे आपल्याला सोडून सगळ्यांना कसं कळतं, या विचाराने त्याचं डोकं गरगरलं. त्याने ग्रुपवर भराभर टाइप केलं, "हा चेहरा चुकून आला आहे. कुणी मनावर घेऊ नये."

मजकूर गेल्यावर त्याने वर पाहिलं. तो टाइप करत होता तेवढ्यात सलोनीच्या मामीने साडी अंगावर धरून उभ्या असलेल्या सलोनीचा फोटो टाकला होता. त्याच्या बरोब्बर खाली हितेशचा मजकूर बसला होता.

फोन वाजला. अर्चनामावशी होती. "आमी पालघरला साड्या घेतोय," ती शांतपणे म्हणाली. "इथूनच तुमच्याकडे येतो."

मायलेकी रिक्षातून उतरल्या तेव्हा जमना आणि आत्या ओटीवरच बसून होत्या. अर्चनामावशी पाणी प्यायली आणि तिने फोन काढून मध्ये ठेवला.

"जावईबापू, खरं सांगा. ही आमची सलोनीच ना?"

हितेशला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"राग आला का जबडा असाच फिरवते ती, लहानपणापासून," मावशी म्हणाली. "बघायला आलात तवा आमी तिला हसरं बसवून ठेवलं होतं. आता तुमाला कळलंच हाय. तर साखरपुडा ठेवायचा का मोडायचा, ते आजच बोला. आमचं काय म्हणणं नाय."

दारात साड्यांच्या पिशव्या घेऊन सलोनी उभी होती. "मी अशी दिसते?" तिने विचारलं, आणि तिचा जबडा हळूच डावीकडे सरकला.

हितेशने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्याला काहीतरी नीट समजलं. नाही म्हणणं खोटं ठरलं असतं. हो म्हणणं महागात पडलं असतं.

"तुझ्याएवढा चांगला चेहरा घडवायला मला अजून जमत नाय," तो म्हणाला.

सलोनीचा जबडा जागेवर आला आणि ती हसली. "ठेवा साखरपुडा," ती आईला म्हणाली. अर्चनामावशीने सुस्कारा सोडला. जमना चहाचं आधण ठेवायला उठली. सलोनीने पिशव्या खाली ठेवून फोन उचलला आणि फोटो निरखून पाहिला.

"बाकी सगळी मीच हाय," ती म्हणाली. "नाक तेवढं माझं नाय. नाक आईचं हाय."

जमना आत जाता जाता थांबली. पुष्पलता आत्याने हसू दाबायला पदर तोंडाला लावला. अर्चनामावशीने फोन मागून घेतला, चष्मा चढवला आणि दोन बोटांनी नाक मोठं करून नीट तपासलं.

"माझं कसं असेल?" ती म्हणाली. "हे तर यांच्या आत्याचं हाय."

पुष्पलता आत्याचा पदर तोंडावरून खाली आला.