ठकूबायचं वऱ्हाड

समोरच्या संघाला सामन्याआधी पोटभर जेवू घालणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. तिच्या जिवावर आमच्या कॉलेजने एका मोसमात फुटबॉलमध्ये नाव काढलं. पुढे ते नाव गेलं, त्याचं मात्र तिला सोयरसुतक नव्हतं.

आमचं कॉलेज भिवंडीबाहेर, वज्रेश्वरीच्या रस्त्याला. मी तिथे इतिहास शिकवायचो. जिमखान्याचा चार्ज माझ्या गळ्यात पडला, कारण तो कोणाला द्यायचा हे ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिला मी गेलो नव्हतो. फुटबॉल पायाने खेळतात, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं शेख सर बघत. ते आमचे क्रीडाशिक्षक. मराठीत बोलायला सुरुवात करायचे आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचायचे.

मैदानाला लागूनच ठकूबायचं घर. पंधरा ऑगस्ट झाला की कॉलेजांचे आपसातले सामने सुरू व्हायचे. आमच्या मैदानावरचे सगळे सामने आम्ही शुक्रवारी ठेवायचो. त्या दिवशी कापडाचे लूम बंद, म्हणून शिफ्ट करून शिकणारी आमची निम्मी पोरं मोकळी असत. त्या वर्षीच्या पहिल्याच शुक्रवारी ठकूबाय कुंपणाशी येऊन उभी राहिली. नऊवारी गुडघ्यापर्यंत, कपाळावर मोठं कुंकू, आवाज पार रस्त्यापलीकडच्या गोडाऊनपर्यंत जाणारा.

"मास्तर, ही पोरां कुठशी आयली?"

"उल्हासनगरहून, मावशी. सामना आहे."

"किती जनां?"

"अकरा. आणि बदली चार-पाच."

एवढं ऐकून ती आत गेली. तासाभराने डोक्यावर भाकऱ्यांची टोपली आणि हातात कालवणाचा टोप घेऊन थेट पाहुण्या पोरांसमोर हजर! तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण, वर जवळ्याची चटणी. गावाच्या शिवेत आलेलं वऱ्हाड उपाशी उभं ठेवायचं नाही, हा तिच्याकडचा रिवाज. पोरं एकसारख्या कपड्यांत, टेम्पो भरून, ओरडत आलेली, तेव्हा तिच्या लेखी ते वऱ्हाडच होतं. "खाव बेटा," ती पाहुण्यांना जमेल त्या हिंदीत सांगत होती, "बिना खाये दौडेगा तो गिरेगा."

बेटे जेवले आणि दौडताना गिरले. दुसऱ्या भाकरीनंतर माणसाला आडवं व्हावंसं वाटतं, आणि ठकूबाय चौथी वाढल्याशिवाय सोडत नसे. उल्हासनगरचा गोलकीपर चेंडू येताना बघायचा आणि गेल्यावर जांभई द्यायचा. आम्ही जिंकलो.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तेच. दुसऱ्यांच्या मैदानावर आम्ही शिस्तीत हरायचो, घरच्या मैदानावर मात्र आम्हाला तोड नव्हती. शेख सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, ही मावशी म्हणजे अपना बारहवाँ खिलाड़ी है. इनको बोलो, थोडा भात भी रखो."

ठकूबायला यातलं काही ठाऊक नव्हतं. कोण जिंकलं हे तिने कधी विचारलं नाही. रेफरीला ती 'शिट्टीवाला भट' म्हणायची आणि तो सारखा मधे मधे येतो म्हणून त्याच्यावर रागावलेली असायची. एकदा त्याने पाहुण्यांच्या एका पोराला लाल कार्ड दाखवलं. पोरगा शिव्या पुटपुटत बाहेर आला. ठकूबायने त्याचं मनगट धरून खाली बसवलं. "भायेर काढला तरी पोट तं हाय ना तुला? बस." तिसऱ्या भाकरीला त्याचा राग उतरला आणि जाताना तो रेफरीलाही हसून हात करून गेला.

असे आम्ही गटातल्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. हा जिंकलो तर पुढची फेरी, तीही आमच्याच मैदानावर. हरलो तर मोसम संपला. आमचं कॉलेज आजवर गटाबाहेर गेलंच नव्हतं. शेख सरांनी आदल्या दिवशीच बोंबील आणून ठकूबायकडे पोचते केले.

पण कल्याणच्या संघाला कुणकुण लागली होती. त्यांच्या सरांनी टेम्पोतून उतरतानाच दम भरला, पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. ठकूबाय टोपली घेऊन गेली, तर त्यांचा कप्तान, चांगला धिप्पाड पोरगा, ओशाळून मान हलवू लागला. "नको मावशी. सर ओरडतील."

"माज्या दारान येऊन उपाशी खेलाल?"

पोरं खाली वाकून बुटांच्या नाड्या आवळू लागली. तिने टोपलीवर फडकं टाकलं आणि मैदानाकडे पाठ करून बसली. पूर्ण सामनाभर तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचा एवढासा झालेला चेहरा बघून मला त्या कल्याणच्या सरांचा मनापासून संताप आला.

उपाशी पोरांनी आमच्यावर दोन गोल केले. शेख सर गवतावर बसून राहिले. "देखा सर? खाली पेट का कमाल!"

शिट्टी झाली. कल्याणचा कप्तान बूट हातात घेऊन अनवाणी ठकूबायपुढे आला. "मावशी, आता वाढता का? सामना संपला, आता सर काही बोलायचे नाहीत."

ती अशी उठली की जणू कप आम्हीच जिंकलो. कल्याण जेवलं, त्यांचे सरही जेवले. मग ती शेख सरांकडे वळली. "हारलाव म्हनून उपाशी ऱ्हाल काय?" सरांनी डोळे पुसत भाकरी खाल्ली. कालवण तिखट होतं म्हणाले.

तिचा टोप जिमखान्यातच राहिला होता. चार-सहा दिवसांनी संध्याकाळी तो परत करायला मी तिच्या घरी गेलो. घरच्या शेतजमिनीवर गोडाऊनं उभी राहिल्यावर त्या पैशातून मुलांनी बांधलेलं मोठं घर, खाली-वर खोल्याच खोल्या. मुलं ठाण्याला फ्लॅटमध्ये, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एके काळी गावात कोणाचंही लग्न असो, भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांत ही पुढे असायची. आता लग्नात केटरर येतात.

चुलीपाशी टोपली भाकऱ्यांनी भरलेली होती.

"कोणी येणार आहे का मावशी?"

"कोन येतंय?" ती हसली. "पीठ मलताना हात थांबत न्हाय, मास्तर. वीस जनांचा सैपाक येतो, एकटीचा मना कुनी शिकवलाच न्हाय. उरलेला म्हशीला घालते." मग म्हणाली, "तुमचा परत कवा चालू व्हनार?"

"पुढच्या पावसाळ्यात," असं सांगायला मी तोंड उघडलं, पण त्या टोपलीकडे बघून सांगवेना. मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "येत्या शुक्रवारीच सामना आहे. मैत्रीचा."

"किती जनां?"

"अकरा. आणि बदली चार-पाच."

तिने लगेच परात खाली काढली. मी बाहेर रस्त्यावर आलो आणि जाताना आपला नंबर देऊन गेलेल्या कल्याणच्या कप्तानाला मोबाइल लावला. शुक्रवारी या, असाच एक सामना खेळू, म्हटलं.

"मावशी आहेत ना, सर?"

"आहेत."

"मग येतोच," तो म्हणाला. "बूट पण आणायचे का?"