जनाक्काचा शिक्का

आमचे महिपती मेजर मला रोज सकाळी नव्यानं भेटतात. एवढी वर्षं आम्ही एका टेबलाशी बसतो, एकमेकांच्या डब्यातली भाकरी मोडतो, माझ्या पोरीच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढायलाही हेच होते. पण सकाळी मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभा राहिलो की आतून गर्जना येते, "थाम! कोन?"

"माने."

"कोन माने?"

"आवं मेजर, कालचाच माने."

"कालचा माने काल. आजचं कार्ड दाव."

मी गळ्यातलं कार्ड पुढे करतो. मेजर फोटो बघतात, मग मला बघतात, मग परत फोटो बघतात. दोघांत फोटोच जास्त भरवशाचा, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं असतं. मग दार उघडतं आणि वर ऐकायला मिळतं, "वळख पटल्याबिगर 'व्हय' न्हाई!"

आमच्याकडे लष्करातून परतलेला माणूस शिपाई असो की लंगरातला आचारी, गावाला तो मेजरच. आमचे मेजर सिग्नलमध्ये हवालदार होते. कुठल्यातरी बर्फात कानाला यंत्र लावून, पलीकडून बोलणारा आपला की परका हे ताडण्यात त्यांची जवानी गेली. पेन्शन घेऊन वडूजला आले, कॉम्प्युटर शिकले आणि आमच्या दूध संघात चिकटले. बर्फ तेवढा मागे राहिला, पहारा सोबत आला.

एकदा पावसाळ्यात आमच्या खोलीत नाग निघाला. आम्ही सगळे टेबलावर. मेजरनी हात वर केला आणि त्यालाही म्हणाले, "थाम!" नाग थांबला. फणा काढून सरळ उभा राहिला, आणि ओळख पटेना म्हटल्यावर खाली मान घालून आल्या वाटेनं परत गेला. खोटं वाटत असेल तर नागाला विचारा.

लग्नाचंही तसंच. तरुणपणी रजेवर आले असता लोणंदला मुलगी बघायला गेले. पोह्यांच्या बशा घेऊन मुलगी आली, मान खाली घालून बसली. मेजरनी विचारलं, "हीच ती कशावरून?" मुलीचा बाप म्हणाला, "म्या सांगतो की." मेजर म्हणाले, "आन् तुमी तेच कशावरून?" पोहे तिथंच राहिले. मेजर अजून बिनलग्नाचे आहेत आणि लोणंदच्या वाटेला जात नाहीत.

आता असा माणूस एसएसएचपाशी बसवला की काय होतं ते सांगतो. एसएसएच म्हणजे एका कॉम्प्युटरनं दूरच्या कॉम्प्युटरशी बंद दाराआड बोलायची रीत. आमच्या संघाची संकलन केंद्रं खंडाळ्यापासून पार जतपर्यंत पसरलेली. प्रत्येक केंद्रावर एक मशीन, त्यात किती दूध आलं त्याची नोंद. ती आम्ही वडूजला ओढून घ्यायची, आणि त्यावरून सांगलीच्या ऑफिसनं टँकर सोडायचे. पहिल्यांदा जोडणी करताना दूरचं मशीन आपला ठसा दाखवतं. ठसा म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ. आणि विचारतं, हा ठसा माझाच, भरवसा आहे का? 'येस' लिहा. सगळं जग न बघता 'येस' लिहितं. इतकं डोळे झाकून माणूस फक्त बोहल्यावर 'हो' म्हणतो.

मेजर बोहल्यावर चढले नाहीत, ते इथं कुठले म्हणायला! ते केंद्रावर फोन लावायचे आणि तिथल्या पोराला त्याच्या पडद्यावरचा ठसा वाचायला लावायचे, तोही लष्करी पद्धतीनं. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली. एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. दूध घालायला आलेली माणसं किटल्या खाली ठेवून ऐकत बसायची. शेवटी असं झालं की खटाव तालुक्यातला कुठलाही गवळी नाव विचारलं की सांगायचा, "माईक, अल्फा, हॉटेल, अल्फा, डेल्टा... महादेव." त्यांच्या म्हशीसुद्धा 'ब्राव्हो' म्हटल्यावर पान्हा सोडायच्या म्हणतात. म्हशींचं मी ऐकीव सांगतोय, गवळ्यांचं मात्र खरं.

एवढा कर्तव्यकठोर माणूस, पण साडेपाचला उठायचा म्हणजे उठायचा. आभाळ कोसळत असलं तरी त्याला 'थाम' म्हणून मेजर मोटारसायकलला किक मारणार. घरी गेले की फोन बंद. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

असं छान चाललं होतं, आणि संघानं सगळ्या केंद्रांवरची मशीनं बदलायचं ठरवलं.

मशीन नवं म्हणजे ठसा नवा. आणि ओळखीच्या नावामागे अनोळखी ठसा दिसला की एसएसएच पडद्यावर मोठ्या अक्षरांत बोंब मारतं : सावधान, पलीकडचा बदललाय, कुणीतरी भामटा असू शकतो! पहिल्या काही केंद्रांवर नवी मशीनं लागली आणि आमचे पडदे नुसते ठणाणा करू लागले. मेजर फोन लावून बसले. जतच्या केंद्राचा ठसा वाचून होईस्तोवर जतचं दूध नासायची वेळ आली.

सांगलीहून मॅनेजर मगदूमसाहेब गाडी घेऊन थेट वडूजला आले. माणूस वाईट नाही, पण घाई जन्मापासूनची.

"मेजर, ती तपासणीच बंद करून टाका की ओ. एका ओळीचं काम आहे."

"साहेब, पहारा उठवा म्हणताय."

"अहो दुधाचे आकडे आहेत. कोण चोरतंय?"

"चोरील न्हाई तर खोटं घालील. लोनंद म्हणून दुसराच कोन तरी बोलला, तर तुमचे टँकर रिकाम्या माळावर जाऊन हुबं ऱ्हातील. वळख पटल्याबिगर..."

"व्हय न्हाई, पाठ झालंय मला ते," साहेब म्हणाले. "सोमवारपर्यंत सगळी केंद्रं बोलली पाहिजेत. न बोंबलता. नाहीतर तपासणी बंद, आणि तुम्हाला टँकरच्या गेटवर बसवतो. तिथं विचारा येणाऱ्याजाणाऱ्याला कोण म्हणून."

मेजरनी घड्याळ बघितलं. साडेपाच वाजले होते. उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं कार्ड बघता बघता म्हणाले, "माने, आपल्याला एक जनाक्का पायजे."

"कोण जनाक्का?"

"समद्यास्नी वळखायचं कारनच न्हाई गड्या. एका जनाक्काला वळखलं, की जनाक्का ज्याला वळखती त्यो आपला."

आणि कामाला लागले. जुनं एक मशीन घेतलं, त्याची बाहेरच्या जगाकडे जाणारी तार काढून टाकली, आणि ते लोखंडी कपाटात बसवलं. कपाटाची किल्ली मेजरच्या कमरेला. हे मशीन नुसतं शिक्का मारणार. त्याचं नाव जनाक्का. आधी बसवलेली नवी मशीनंही माघारी मागवली; केंद्रावर निघालेलं प्रत्येक नवं मशीन टेम्पोत चढायच्या आधी कपाटापाशी यायचं, जनाक्काला जोडायचं, आणि मेजरनी लिहिलेली स्क्रिप्ट पुढचं सगळं आपोआप करायची : मशीनचा ठसा घे, त्यावर जनाक्काचा शिक्का मार, दाखला मशीनच्या खिशात ठेव. इकडे आमच्या आणि सांगलीच्या कॉम्प्युटरांत साठलेले जुने ठसे पुसून टाकले आणि त्यांच्या जागी एकच ओळ लिहिली. जनाक्काचा शिक्का असेल तर आत घ्या, नसेल तर हाकला. ना फोन, ना अल्फा, ना ब्राव्हो.

जनाक्का कोण यावर ऑफिसात पैजा लागल्या. लोणंदची पोहेवाली, असा बहुमताचा कौल होता. आमचा अकाउंटंट तर शपथेवर सांगायचा की बर्फातल्या एका गुप्त यंत्राचं ते नाव आहे. मी मेजरना सरळ विचारलं. ते म्हणाले, "हाय एक. तिच्या शब्दावर दारं उघडत्यात."

सोमवार उजाडला. खंडाळा बोललं, लोणंद बोललं, विटा, तासगाव, जत, सगळी बोलली. एकही पडदा ओरडला नाही. दुपारी सांगलीहून साहेबांचा फोन आला, "मेजर, मानलं की ओ तुम्हाला!" मेजरनी मिशीवरून हात फिरवला. मी पेढे आणले. पेढेवाल्यालाही जनाक्काचा शिक्का विचारणार होते, पण पेढा आधी तोंडात गेला.

आणि साडेपाचला मेजर उठून गेले. ते गेल्यावर थोड्या वेळानं परत सांगलीचा फोन. या वेळी आवाज चढलेला.

"माने, उद्याच्या टँकरचा आराखडा कुठल्या मशीनवर आहे?"

"मेजरच्या, साहेब."

"त्याला आत घेईना झालंय इकडे. खोटं मशीन म्हणतंय!"

मी जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नवी मशीनं सगळी जनाक्कापुढून गेली होती. मेजरचं मशीन जुनंच, बदलायचं नव्हतंच, त्यामुळे ते कपाटापाशी कुणी नेलं नाही. जुने ठसे पुसले, त्यात त्याचाही पुसला. जतच्या माळावरच्या मशीनला ओळख होती, आणि अख्ख्या संघात बेवारशी ठरलं ते एकट्या मेजरचं!

"आता मी तपासणी बंद करतोय," साहेब म्हणाले. "टँकर थांबवू का काय?"

"साहेब, दिवस मावळेपर्यंत थांबा. कपाटाची किल्ली घेऊन आलोच."

"मावळेपर्यंत. मग मात्र बंद. आणि उद्या मेजर गेटवर."

मेजरचा फोन अर्थातच बंद. मी गाडी काढली. त्यांचं गाव वडूजपासून आत, माळाच्या कडेला. मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो, कारण त्यांनी कधी बोलावलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून वळलो, आणि थबकलो. मेजर आपल्याच दारासमोर अंगणात उभे होते, पाय जोडून, छाती काढून, हेल्मेट बगलेत धरून. दार हातभर उघडं. फटीत एक पिकली म्हातारी, हातात काठी.

"कोन रं तू?"

"महिपती, आई. तुझा थोरला."

"म्हयपती लष्करात हाय. बर्फात."

"आलो की मागारी."

"समदे असंच म्हंत्यात. खून सांग."

"डाव्या गुडघ्याला खोक हाय. चिचंवरनं पडलो तवा तूच हळद दाबलीस."

"चिचंवरनं समदीच पोरं पडत्यात."

"तुला गूळ घातलेला चा आवडतो."

"कुनाला आवडत न्हाई?" काठी फटीतून बाहेर आली. "जा बाबा. माझा ल्योक न्हाई घरात. म्या दार लावती."

मेजर हलले नाहीत. आवाज चढला नाही, चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. पहाऱ्यावरच्या शिपायापुढे नवा माणूस उभा राहतो तसे उभे होते, आणि पहारा चोख आहे याचंच जणू त्यांना समाधान वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या दारातून एक ठेंगणी म्हातारी पिठाचे हात झटकत आली. "आगं बायजा, त्योच हाय. तुझाच म्हयपती. म्या वळखती की."

फटीतले डोळे तिच्याकडे वळले. "जनाक्का, तू म्हंतीस?"

"म्या म्हंती."

"मग व्हय," म्हातारी म्हणाली, आणि दार सताड उघडलं. काठी टाकून तिनं मेजरचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आलास व्हय रं? किती वाळलास!" दरवाजाएवढ्या रुंद माणसाला ती हे म्हणत होती, आणि तो माणूस मान खाली घालून ऐकत होता.

मग मेजरचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला वाटलं, आता गर्जना होणार. मी घाईघाईनं काय झालं ते सांगितलं आणि सवयीनं गळ्यातलं कार्ड पुढे केलं.

"ऱ्हाऊ दे," मेजर म्हणाले. कमरेची किल्ली सोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "मला याया जमायचं न्हाई. दिवेलागन झाली की ही कडी घालती. मग जनाक्कालाबी उघडत न्हाई. येकदा उशीर झाला, तर गोठ्यात झोपलो. म्हस बरी, कायबी इचारत न्हाई."

"आणि फोन?"

"वाजला की घाबरती. बर्फातनं तार आली म्हंती."

मी वडूजला पोचलो तेव्हा उजेड अजून शिल्लक होता. कपाट उघडलं, मेजरचं मशीन जनाक्काला जोडलं. स्क्रिप्ट चालली, शिक्का बसला, आणि सांगलीत आराखडा उघडला. "मिळाला की ओ!" साहेब म्हणाले. तपासणी राहिली, मेजरही खोलीत राहिले. गेट वाचलं म्हणायचं, कारण मेजर तिथं बसले असते तर एकही टँकर आत आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मी थांबलो. आतून आवाज आला, "थाम! कोन?" काहीच बदललं नव्हतं. कार्ड बघितलं, फोटो बघितला, दार उघडलं. मग नेहमीचं वाक्य न म्हणता मेजर म्हणाले, "माने, शिक्का मारनारं येकच असून भागत न्हाई. मशीन बंद पडलं तर? दुसरं तयार ठेवाया पायजे."

"लावू की आज."

"त्ये मी लावलं सकाळीच." ते पडद्याकडे बघत बोलत होते. "जनाक्काचंबी वय झालंय. मधनंमधनं तासगावला लेकीकडं जाती. तू येत जा. चा प्यायला. तिला तुझी सवय होईस्तोवर."

मी जायला लागलो. पहिल्यांदा जनाक्कानं माझी ओळख दिली, मग हळूहळू तिची गरज लागेना. गुळाचा चहा मलाही आवडतो, यावर म्हातारीचा माझ्यावर भरवसा बसला असावा.

सध्या जनाक्का तासगावला आहे. साडेपाचला आम्ही दोघं निघतो, दोन मोटारसायकली. अंगणात मेजर पाय जोडून उभे राहतात, मी शेजारी. दार हातभर उघडतं. म्हातारी माझ्याकडे बघून हसते, "आलास व्हय रं माने? आन् ह्यो कोन तुझ्यासंगं?"

"आवं आजी, ह्यो महिपती. तुमचा थोरला. मी वळखतो."

ती मेजरना वरपासून खालपर्यंत बघते. मग मला बघते. माझं कार्ड खिशातच असतं, तिनं ते कधी मागितलेलं नाही.

"तू म्हंतोस तर व्हय," ती म्हणते, आणि बर्फातून रोज रजेवर येणारा तिचा मुलगा घरात जातो.