डावीकडून दुसरं धुराडं

नळी मी स्वतःच बसवीन असं म्हणालो, तेव्हा माझ्या बायकोने, ऑड्रीने, हातातला चहाचा कप खाली ठेवला. तेव्हाच शब्द मागे घ्यायला हवे होते. पण पंचवीस वर्षं नगरपालिकेत पार्किंगचे परवाने वाटणाऱ्या माणसाला एकदा तरी आपल्या हाताने काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. (परवान्यावरची सहीसुद्धा माझी नसते, साहेबांची असते.)

आता नळी कशाला, ते सांगतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या टेकडीवर आमच्या गल्लीतली दगडी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, तरी वारा शिरायचा तो शिरतोच. गेल्या हिवाळ्यात ऑड्री बाहेरच्या खोलीत दोन स्वेटर आणि वर माझा कोट घालून बसायची. मार्चमध्ये तिने सांगून टाकलं, "डेरिक, नोव्हेंबर लागायच्या आत ही खोली ऊबदार झाली नाही, तर पुढचा हिवाळा मी या घरात काढणार नाही." ऑड्री उगाच धमक्या देत नाही. ऑक्टोबर उजाडला तरी खोली होती तशीच गार होती.

म्हणून जुन्या फायरप्लेसच्या पोटात बसणारी, काचेच्या दाराची लोखंडी शेगडी आणली. ती बसवायची तर धुराड्यात वरपासून खालपर्यंत स्टीलची लवचिक नळी सोडावी लागते, नाहीतर भेगांतून धूर घरात येतो. नळीच्या टोकाला दोरी बांधायची, दोरी खाली सोडायची, वरच्याने नळी ढकलायची आणि खालच्याने दोरी ओढायची. वर मी, खाली ऑड्री. म्हटलं, यात काय एवढं?

आमच्या छपरावर धुराड्याचा एकच जाडजूड खांब आहे आणि त्यावर आठ तोंडं: चार आमची, चार शेजारच्या ग्रीनवुडांची. रस्त्यात उभं राहून मी नीट पाहून ठेवलं होतं. डावीकडची चार आपली, त्यातलं दुसरं बाहेरच्या खोलीचं. मग मागच्या अंगणातून शिडी लावली, वर चढलो आणि डावीकडून दुसरं मोजलं. (हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल. मला पाऊण तास लागला.)

दोरी खाली गेली. मी धुराड्यात तोंड घालून "ओढ" म्हणून ओरडलो. जरा वेळ काहीच झालं नाही, मग दोरी ताणली गेली आणि नळी अशी सरसर आत जायला लागली की मला बायकोचा अभिमान वाटला. मध्ये एका वळणावर ती अडली. "लाव जोर, राणी, घाबरू नकोस," मी म्हणालो. खालून असा हिसका बसला की नळी वळणातून कचकन पुढे गेली आणि घट्ट बसली.

मी खुशीत खाली आलो. ऑड्री हातमोजे घालून फायरप्लेससमोर स्टुलावर बसली होती. फायरप्लेस रिकामं होतं.

"झाली का दोरी बांधून?" तिने विचारलं.

रस्त्यावरून जे डावीकडे, ते मागच्या अंगणातून उजवीकडे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तेवढ्यात दार वाजलं. दारात ग्रीनवुड उभे होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटेच राहणारे, पूर्वीचे बस ड्रायव्हर. डोक्यापासून बुटांपर्यंत काजळी. बावीस वर्षांच्या शेजारात आमचं बोलणं हवा आणि कचऱ्याचे डबे यांच्या पुढे गेलं नव्हतं.

"त्रास देतोय, माफ करा," ते म्हणाले. "माझ्याकडचं काम आटोपलं असेल, तर हात धुऊ का?"

"पण तुम्ही ओढलीत कशाला?"

"तुम्ही ओढ म्हणालात. छपरावर चढलेल्या माणसाला मध्येच प्रश्न विचारणं बरं दिसलं नसतं." मग म्हणाले, "राणी मात्र मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं."

धुराडी साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याने ग्रीनवुडांच्या फायरप्लेसमध्ये डोकं घालून पाहिलं आणि सांगितलं की ही नळी आता तुकड्यातुकड्यांनीच निघेल, तीही चार विटा सोबत घेऊन. (खालून एवढ्या सफाईने ओढलेली नळी त्याने पाहिली नव्हती म्हणे.) दुकानात नवी नळी फेब्रुवारीशिवाय मिळणार नव्हती.

मला भडभडून आलं. ऑड्री गेली तर या थंड घरात मी एकटा करू काय? मी तिला तसं म्हणालोसुद्धा. ऑड्रीने मला रुमाल दिला आणि धुराडेवाल्याकडे वळली. "नळी जिथे आहे तिथे शेगडी बसव," ती म्हणाली. ग्रीनवुड म्हणाले की आमची काही गैरसोय होणार नसेल तर त्यांची हरकत नाही.

ऑड्रीने शब्द पाळला. हिवाळा ती या घरात काढत नाही, भिंतीपलीकडे काढते. दुपारी विणकाम घेऊन जाते ती झोपायलाच परत येते. बोलावणं मलाही आहे, रोज पाच वाजता लाकडं पोचवायचं, कारण त्या हिसक्यात ग्रीनवुडांची पाठ धरली आहे.

काल लाकडं ठेवली आणि दोन मिनिटं शेगडीपाशी हात शेकत उभा राहिलो. इतकं बरं वाटलं की पाय निघेना. ग्रीनवुडांनी ऑड्रीला हळूच विचारलं, "त्यांना बसायला सांगू का?"

ऑड्रीने विणकामातून मान वर केली नाही. "नको," ती म्हणाली. "बसला की काहीतरी दुरुस्त करायला घेईल."